मंगळ, मंगळयान आणि आपल्या कल्पना : खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावी घराच्या गच्चीवर मी गेली काही वर्षे सहा इंची दुर्बीण लावत आलो आहे. ती पाहायला येणाऱ्यांनी आणि त्यांच्याकडून माझा नंबर मिळालेल्यांनी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवले, ते येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत आठवीतली मुले आहेत, निवृत्त गुरुजी आहेत आणि केळीचे बागाईतदारही आहेत. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले असून एकच उत्तर दोनदा द्यावे लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. लोकांनी सुचवलेल्या कल्पनांपैकी बऱ्याचशा एकाच ठिकाणी अडखळतात असे माझ्या लक्षात आले आहे. मंगळाचा विचार करताना आपण आपली हवा नकळत सोबत नेतो. म्हणून ज्यांना थेट कल्पनांकडे वळायचे आहे त्यांनी निदान प्रश्न ८ आधी वाचावा.

१. मंगळ नुसत्या डोळ्यांनी दिसतो का आणि तो कसा ओळखायचा?

दिसतो. तांबूस रंगाचा, ताऱ्यासारखा न लुकलुकणारा आणि काही आठवड्यांत शेजारच्या ताऱ्यांमधून सरकलेला दिसणारा ठिपका म्हणजे मंगळ. सुमारे २६ महिन्यांनी एकदा पृथ्वी सूर्य आणि मंगळ यांच्या मधे येते तेव्हा तो सर्वांत तेजस्वी असतो आणि रात्रभर आकाशात राहतो. १६ जानेवारी २०२५ नंतरची अशी पुढची वेळ १९ फेब्रुवारी २०२७ ही आहे. त्या वेळी तो सिंह राशीत आणि आपल्यापासून सुमारे १० कोटी किलोमीटरवर असेल. सप्टेंबर २०३५ मध्ये मात्र हे अंतर पावणेसहा कोटींच्या आसपास येईल, त्यामुळे दुर्बीण घेण्याचा विचार असणाऱ्यांनी घाई करण्याचे कारण नाही.

दुर्बिणीतून काय दिसते तेही आधीच सांगितलेले बरे. पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलांचा हमखास हिरमोड होतो, कारण त्यांना छायाचित्रातला लाल गोळा हवा असतो आणि दिसतो तो मसुराच्या डाळीएवढा, कडा थरथरणारा नारिंगी ठिपका. या थरथरण्यात मंगळाचा दोष नसतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि डांबरी रस्त्यावरच्या मृगजळासारखी हवा दुर्बिणीच्या तोंडासमोर हलत राहते. दुर्बीण गच्चीवरून उतरवून ओलित केलेल्या शेताच्या बांधावर नेली आणि मध्यरात्र उलटू दिली की तोच ठिपका स्थिर होतो आणि ध्रुवावरचे पांढरे टोक ओळखू येऊ लागते. सातपुड्यातल्या पाल किंवा तोरणमाळकडे जाणे जमत असेल तर उत्तमच.

२. ऑगस्टमध्ये मंगळ चंद्राएवढा दिसणार असा मेसेज आला आहे. खरा आहे का?

खोटा आहे, आणि तो वीस वर्षांहून अधिक काळ फिरतो आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. त्या वेळच्या मूळ संदेशात ७५ पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल असे म्हटले होते. पुढे पाठवता पाठवता दुर्बीण गळाली आणि चंद्र तेवढा उरला. अगदी जवळ असतानाही मंगळाची दृश्य रुंदी चंद्राच्या सत्तराव्या हिश्श्याएवढीच असते.

३. अमळनेरला मंगळग्रहाचे मंदिर आहे, पत्रिकेतही मंगळ असतो. हा तोच ग्रह का?

आकाशातली वस्तू तीच. अंगारक, म्हणजे निखारा, हे त्याचे नाव त्याच्या रंगावरूनच पडलेले आहे आणि दर मंगळवारी अमळनेरला जी गर्दी लोटते ती त्याच ठिपक्याच्या नावाने. पत्रिकेतला मंगळ म्हणजे जन्माच्या वेळी तो कोणत्या राशीत होता याची नोंद. त्या नोंदीने लग्न अडावे असे भौतिकशास्त्रात काही सापडत नाही. या विषयावर मी यापुढे वाद घालत नाही.

मात्र या प्रश्नाला खानदेशापुरती एक अभिमानाची बाजू आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी पाटणादेवीच्या डोंगरात बसून विद्यार्थी मंगळाचे स्थान आकडेमोडीने काढायला शिकत होते. त्यांच्याही आधी आर्यभटांनी १,५७,७९,१७,५०० दिवसांच्या महायुगात मंगळाच्या २२,९६,८२४ प्रदक्षिणा धरल्या होत्या. हा भागाकार स्वतः करून पाहावा. उत्तर ६८७ दिवसांना जवळजवळ चिकटून येते आणि आजचे मोजमापही तेच सांगते.

४. मंगळावरचा दिवस, वर्ष आणि वजन किती?

दिवस २४ तास ३९ मिनिटांहून थोडा मोठा, वर्ष आपल्या ६८७ दिवसांचे. व्यास पृथ्वीच्या निम्म्याहून थोडा अधिक, गुरुत्वाकर्षण ३८ टक्के. येथे काट्यावर ६० किलो भरणारा माणूस तेथे २३ किलो भरेल. आस सुमारे २५ अंशांनी कललेली असल्यामुळे ऋतूही आहेत आणि ते आपल्या जवळजवळ दुप्पट लांबीचे आहेत. सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या आसपास असते. विषुववृत्तावर भर दुपारी पारा २० अंशांपर्यंत चढतो आणि त्याच रात्री उणे ७० अंशांखाली उतरतो.

५. तो लाल का आहे? तिथली माती आपल्या मुरमासारखी आहे का?

तुलना चांगली आहे. मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसाल्टचा, म्हणजे सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत आपल्या पायाखाली जो काळा दगड आहे त्याच जातीचा. त्यातल्या लोहाचा गंज होऊन तयार झालेली बारीक धूळ सर्वत्र पसरलेली आहे आणि आपल्याला दिसतो तो तिचा रंग. विहीर खोदताना वर तांबडा मुरूम लागतो आणि खाली काळा पाषाण, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की मंगळावर ‘खाली’ म्हणजे कित्येकदा नखभर खोलीवर. क्युरिऑसिटी या गाडीने २०१३ च्या फेब्रुवारीत तिथल्या खडकाला पहिले भोक पाडले तेव्हा बाहेर आलेला भुगा लाल नव्हता, राखाडी होता.

बेसाल्टमधले आघाती विवर पाहायचे असेल तर लांब जायला नको. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार हे तसेच आहे, आणि म्हणूनच मंगळावरच्या विवरांचा अभ्यास करणारे तेथे येतात.

६. मंगळावर पोचायला किती दिवस लागतात? जवळ येतो तेव्हाच सरळ का जात नाहीत?

साधारण सात ते दहा महिने. सरळ जाता येत नाही याचे कारण दोन्ही ग्रह धावत आहेत. सुटलेली एसटी पकडायची असेल तर ती आता जिथे दिसते तिकडे कोणी धावत नाही. आडवाटेने पुढच्या फाट्यावर जाऊन उभे राहावे लागते. यानही सूर्याभोवती अर्धी प्रदक्षिणा घालून, मंगळ ज्या ठिकाणी येणार असेल त्या ठिकाणी पोचते. असा फाटा दर २६ महिन्यांनी एकदाच जुळतो, म्हणून सगळ्या देशांची याने एकाच हंगामात सुटलेली दिसतात. हंगाम हुकला तर यान २६ महिने गोदामात राहते.

इंधनाबद्दलही लोक विचारतात. या साऱ्या प्रवासात इंजिन बहुतेक वेळ बंदच असते. गाडीसारखे दर किलोमीटरला इंधन जळत नाही. निघताना वेग वाढवायला आणि पोचल्यावर तो कमी करायला ते लागते, मधे दिशेची किरकोळ दुरुस्ती.

७. मंगळयानाने नेमके काय केले आणि ते खरेच रिक्षापेक्षा स्वस्त पडले का?

५ नोव्हेंबर २०१३ रोजी दुपारी २ वाजून ३८ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही या रॉकेटने ते सुटले. यानाचे वजन १३३७ किलो होते आणि त्यातले ८५२ किलो नुसते इंधन. पीएसएलव्ही त्याला थेट मंगळाच्या वाटेवर फेकण्याइतका ताकदवान नव्हता, म्हणून यानाने महिनाभर पृथ्वीभोवतीच फेऱ्या मारत दर वेळी इंजिन चालवून कक्षा लांबवली. गोफण फिरवून मग दगड सोडावा तसे हे झाले. त्यातली एक खेप अपुरी पडली आणि दुसऱ्या दिवशी जादा खेप करावी लागली, ही गोष्ट कौतुकाच्या गदारोळात विसरली गेली. १ डिसेंबर लागताच, मध्यरात्रीनंतर, ते मंगळाकडे निघाले.

खरी परीक्षा पुढेच होती. मुख्य इंजिन सुमारे ३०० दिवस बंद राहिले होते आणि ते पुन्हा पेटले नसते तर यान मंगळाजवळून सरळ निघून गेले असते. दोन दिवस आधी ते चार सेकंद चालवून पाहिले गेले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी सकाळी सुमारे २४ मिनिटे चालवून यान मंगळाच्या कक्षेत आणले गेले. यातला काही काळ यान मंगळाच्या आड होते, म्हणजे बंगळुरूत बसलेल्यांना काहीच ऐकू येत नव्हते. पहिल्याच प्रयत्नात हे साधणारा भारत पहिला देश ठरला. सहा महिन्यांसाठी बनवलेले ते यान सुमारे आठ वर्षे टिकले आणि २०२२ मध्ये त्याचा संपर्क तुटला. त्याच्या लांबट कक्षेमुळे मंगळाचा संपूर्ण गोल एका छायाचित्रात टिपणे त्याला सहज जमत असे.

रिक्षाबद्दल : सुमारे ४५० कोटी रुपये भागिले सुमारे ६५ कोटी किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला सात रुपये. गणित बरोबर आहे, पण वर सांगितल्याप्रमाणे अवकाशात किलोमीटर फुकट असतात. तेच यान आणखी दहा वर्षे फिरले असते तर दर पैशांवर आला असता. मंगळयानाची काटकसर कोणती ते पाहायचे असेल तर आधीच्या मोहिमांचे तयार भाग वापरणे, उपकरणे पाचच ठेवणे आणि छोट्या रॉकेटवर भागवणे, हे पाहावे.

८. मंगळावरची हवा किती विरळ आहे? मग तिथे वादळे कशी होतात?

जमिनीवरचा दाब सुमारे ६ मिलिबार, आपला १०१३. म्हणजे दीडशेव्या हिश्श्याहूनही थोडा कमी. घनता मात्र तेवढी कमी नाही, साठाव्या हिश्श्याच्या आसपास आहे, कारण ती हवा ९५ टक्के कार्बन डायऑक्साइडची, म्हणून जड, आणि शिवाय थंड आहे. या दोन आकड्यांची गल्लत केल्यामुळे अनेकांची गणिते चुकलेली मी पाहिली आहेत. पाणी, गळती आणि श्वास यांसाठी दाबाचा आकडा घ्यावा. वारा, उड्डाण आणि पॅराशूट यांसाठी घनतेचा.

वाऱ्याचा धक्का घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. त्यामुळे मंगळावर ताशी १०० किलोमीटरने वाहणारा वारा आपल्याला येथल्या ताशी १३ किलोमीटरच्या झुळुकीसारखा लागेल. त्याने टोपीही उडणार नाही, मग यान आडवे होणे दूरच. तरीही ती धूळ इतकी बारीक असते की तेवढ्या वाऱ्यानेही उचलली जाते आणि काही वर्षांनी एकदा संपूर्ण ग्रह झाकून टाकते.

९. साक्रीकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आहेत, तशा मंगळावर लावल्या तर?

घनता साठाव्या हिश्श्याची असल्यामुळे त्याच वेगाच्या वाऱ्यात ६० युनिट देणारी पवनचक्की तेथे एक युनिट देईल. पण धुळीच्या वादळात सौर पॅनेल झाकली जातात नेमका तेव्हाच वारा वाढतो, हा यातला विचार चुकीचा नाही आणि पूरक साधन म्हणून तज्ज्ञांनीही तो केलेला आहे. पोलादाचे तेवढे उंच मनोरे तेथवर नेणार कसे, एवढाच प्रश्न उरतो आणि तो मोठा आहे.

१०. सौर पॅनेलवर धूळ बसून गाड्या बंद पडतात, मग त्यांना मोटारीसारखा वायपर का लावत नाहीत?

मला सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न हाच आहे. रोज सकाळी फडक्याने पॅनेल पुसणाऱ्या शेतकऱ्याला तो पडणारच. कारणे तीन आहेत. वायपर, त्याची मोटर आणि वायरिंग यांचे वजन जेवढे होते तेवढ्याच वजनात पॅनेल मोठे करता येते, आणि मोठे पॅनेल कधी अडकून बसत नाही. दुसरे म्हणजे ती धूळ पिठापेक्षा बारीक आणि विद्युतभारामुळे चिकटणारी असते. कोरडे फडके फिरवल्यास काचेवर ओरखडे उठण्याची भीती असते आणि ओले करायला पाणी नाही. तिसरे, बहुतेक मोहिमा ठरलेल्या मुदतीपुरत्या असतात. ऑपॉर्च्युनिटी ही गाडी ९० दिवसांसाठी पाठवली होती. तिच्यावरची धूळ वावटळींनी अधूनमधून फुकटात झाडली आणि ती २०१८ च्या जूनपर्यंत, चौदा वर्षांहून अधिक काळ, ४५ किलोमीटर चालली. शेवटी ग्रहव्यापी वादळानेच तिला अंधारात टाकले.

तरीही एका हातचलाखीचा उल्लेख करावाच लागेल. इनसाइट हे यान एका जागी बसलेले होते आणि त्याच्या पॅनेलवर धूळ साचत चालली होती. २०२१ च्या मे महिन्यात तंत्रज्ञांनी यांत्रिक हाताच्या खोऱ्याने थोडी वाळू उचलून वाहत्या वाऱ्यात पॅनेलच्या शेजारी हळूहळू सोडली. वाळूचे जाड कण उड्या मारत पॅनेलवरून गेले आणि जाताना बारीक धूळ सोबत घेऊन गेले. धुळीवर वाळू टाकून धूळ साफ करणे ही युक्ती एखाद्या जुन्या माणसाने सुचवावी अशी आहे! तिने वीज थोडी वाढली आणि यान २०२२ च्या डिसेंबरपर्यंत टिकले.

क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्स या गाड्यांना हा प्रश्नच नाही. त्यांच्या पाठीवर प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारी बॅटरी आहे आणि ती नवी असताना सुमारे ११० वॅट देते. तेवढ्या विजेवर आपल्याकडे एक पंखा आणि दोन-चार एलईडी दिवे चालतात.

११. फवारणीचा ड्रोन मंगळावर उडेल का?

नाही. तेथली हवा आपल्याकडे ३० किलोमीटरहून अधिक उंचीवर असावी तेवढी विरळ आहे. तेथे उडालेले इंजेन्युइटी हे हेलिकॉप्टर अवघ्या १.८ किलोचे होते, त्याची पाती टोकापासून टोकापर्यंत १.२ मीटर लांब होती आणि ती मिनिटाला २४०० हून अधिक फेरे घेत. १९ एप्रिल २०२१ रोजी ते पहिल्यांदा ३९ सेकंद उडाले. पाच उड्डाणांसाठी पाठवलेले ते यंत्र ७२ वेळा उडाले आणि १८ जानेवारी २०२४ च्या उड्डाणात पाती मोडल्यावर थांबले. फवारणीच्या ड्रोनमधली दहा लिटरची टाकी भरली तर टाकीतले पाणीच त्याच्या पाचपट जड होते.

१२. उतरायला नुसते पॅराशूट का पुरत नाही?

हवा यान जाळण्याइतकी आहे, पण थांबवण्याइतकी नाही, ही मंगळाची खोड आहे. पर्सिव्हिअरन्स १८ फेब्रुवारी २०२१ रोजी ताशी सुमारे १९,५०० किलोमीटर वेगाने वातावरणात शिरली. तिचे पॅराशूट साडेएकवीस मीटर व्यासाचे होते, तरी ते सोडताना वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढेच होता. उरलेला वेग रॉकेटे पेटवून मारावा लागला आणि शेवटी त्या रॉकेटच्या पाळण्यातून गाडी दोरांनी खाली सोडली. विहिरीवर मोटर सोडतात ते दृश्य डोळ्यांसमोर आणावे. ही गाडी सुमारे एक टनाची होती. माणसांसाठी लागणारे वीस-वीस टनांचे यान असे कसे उतरवायचे, हे अजून कोणी करून दाखवलेले नाही.

१३. ही सगळी कसरत पृथ्वीवरून रिमोटने करतात का?

करता येत नाही. रेडिओचा संदेश मंगळापर्यंत जायला अंतरानुसार ३ ते २२ मिनिटे लागतात. पर्सिव्हिअरन्स उतरली तेव्हा हा वेळ ११ मिनिटांहून अधिक होता आणि उतरण्याला लागली फक्त ७ मिनिटे. ‘वातावरणात शिरले’ हा निरोप आपल्याला मिळाला तेव्हा गाडी जमिनीवर टेकून चार मिनिटे उलटली होती. म्हणून यान आधी शिकवलेल्याप्रमाणे स्वतःच वागते. फोनवर बोलण्याचेही तसेच; एका ‘हॅलो’चे उत्तर यायला पाऊण तासही लागू शकतो. मंगळ सूर्याच्या पलीकडे जातो तेव्हा तर सुमारे दोन आठवडे त्याला आज्ञा पाठवणेच थांबवतात.

१४. ‘मंगयवर पानी शे का?’

पारोळ्याच्या एका आजोबांनी अहिराणीत विचारलेला हा प्रश्न तसाच ठेवला आहे. पाणी आहे, पण बर्फाच्या रूपात : ध्रुवांवर आणि बऱ्याच ठिकाणी जमिनीखाली. वाहते पाणी उघड्यावर टिकत नाही, कारण तेवढ्या कमी दाबाला बर्फ वितळण्याऐवजी बहुधा सरळ हवेत जातो, ताटातला कापूर उडून जातो तसा. फिनिक्स यानाने २००८ मध्ये चर खणला तेव्हा पांढरे खडे दिसले आणि चार दिवसांत ते नाहीसे झाले. मीठ असते तर ते जागेवर राहिले असते. ते गेले, म्हणून बर्फ ठरले.

पूर्वी मात्र नद्या होत्या. याचा मला सर्वांत पटणारा पुरावा पांझरेच्या कोरड्या पात्रात उभे राहिले की समजतो. पात्रातला गोटा हातात घेतला तर त्याला कोपरे नसतात, कारण पाण्याने त्याला लांबवर लोळवलेले असते. वाऱ्याने वाळूचे कण गोल होतात, सुपारीएवढे खडे वारा उचलूच शकत नाही, आणि मंगळाचा वारा तर मुळीच नाही (प्रश्न ८). २०१२ मध्ये क्युरिऑसिटीला असेच गुळगुळीत गोटे एकमेकांत घट्ट बसलेले सापडले आणि त्यांच्या आकारावरून तो प्रवाह घोट्यापासून कमरेपर्यंत खोल असावा असे अनुमान निघाले.

१५. मंगळावर केळी किंवा कापूस येईल का? ठिबक लावले तर?

ठिबक ही शेवटची पायरी झाली. तेथली माती बेसाल्टचीच असली तरी ती आपली काळी माती नव्हे. आपल्या मातीत कुजलेला पाला, जिवाणू आणि हजारो वर्षांचे पाणी आहे; तेथे नुसती भुकटी आहे आणि तिच्यात परक्लोरेट नावाचे विषारी क्षार अर्ध्या ते एक टक्क्यापर्यंत सापडले आहेत. ते पाण्यात विरघळतात, म्हणजे खारवट जमीन धुऊन काढतात तशी ती माती धुता येईल, पण त्यासाठी आधी बर्फ खणून वितळवावा लागेल. नत्र हवेत तीन टक्क्यांहून कमी आहे आणि तीन टक्के कशाचे, तर नगण्य हवेचे. ऊनही आपल्या ४३ टक्केच.

राहिले पॉलिहाऊस. येथे आपल्याला वारा कागद बाहेरून फाडील ही भीती असते, तेथे भीती उलटी आहे. आत झाडांसाठी आपल्या हवेच्या एक दशांश दाब ठेवला तरी बाहेर जवळजवळ काहीच नसल्यामुळे छताच्या दर चौरस मीटरला सुमारे एक टन वजनाएवढा रेटा बसेल. दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसचे छत मग हजार टनांच्या जोराने वर उडू पाहील. म्हणून शेती झाली तर ती जमिनीखाली, नळकांड्यांत आणि दिव्यांच्या उजेडात होईल. माझ्या मते पहिले पीक मेथी किंवा मुळा असेल. केळीचे एवढे मोठे खोड वाढवून एकच घड घेणे तेथे कोणाला परवडणार नाही.

१६. श्वासासाठी ऑक्सिजन झाडांपासूनच घ्यावा लागेल का?

नाही. कार्बन डायऑक्साइड तापवून विजेने फोडता येतो. पर्सिव्हिअरन्सवरच्या मॉक्सी या पेटीने २०२१ ते २०२३ या काळात १६ वेळा मिळून १२२ ग्रॅम ऑक्सिजन तयार केला. एका माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम लागतो. आकडा छोटा असला तरी परग्रहाच्या हवेतून ऑक्सिजन प्रथमच निघाला, आणि परतीच्या रॉकेटला श्वासाच्या कितीतरी पट अधिक ऑक्सिजन लागेल तोही याच मार्गाने काढायचा विचार आहे.

१७. ध्रुवांवर अणुबॉम्ब टाकून किंवा झाडे लावून पूर्ण मंगळच पृथ्वीसारखा करता येणार नाही का?

झाडांचे उत्तर प्रश्न १५ मध्ये आले. बॉम्बच्या कल्पनेत गृहीत असे की ध्रुवांवर गोठलेला वायू मोकळा झाला की हवा दाट होईल. पण २०१८ च्या एका अभ्यासात हिशेब मांडला गेला तेव्हा आवाक्यातला सगळा कार्बन डायऑक्साइड सोडूनही दाब पृथ्वीच्या काही टक्क्यांपलीकडे जात नाही असे दिसले. शिवाय मंगळाला संपूर्ण ग्रहाचे चुंबकीय क्षेत्र नाही (त्यामुळे होकायंत्रही चालणार नाही) आणि सूर्याकडून येणारा कणांचा झोत तेथली हवा आजही थोडी थोडी उडवून नेतो.

१८. मंगळावर प्लॉट विकत मिळतो का?

नाही. १९६७ च्या अवकाश करारानुसार कोणत्याही देशाला ग्रहावर मालकी सांगता येत नाही आणि भारत या करारात आहे. ज्याचा सातबारा कोणाच्याच नावावर नाही तो खरेदीखताने मिळत नाही. नासाच्या यानासोबत नाव पाठवणे मात्र खरे असते आणि फुकट असते. पर्सिव्हिअरन्सवर एक कोटी नऊ लाखांहून अधिक नावे कोरलेल्या चकत्या आहेत. त्यासाठी पैसे मागणाऱ्याला देऊ नयेत.

१९. माझ्याकडे यानाची एक कल्पना आहे. ती बरोबर आहे का हे कसे तपासू?

पाठवण्याआधी तीन आकडे लिहावेत : तिचे वजन किती, तिला किती वॅट लागतील आणि हवा साठाव्या हिश्श्याची धरली तर ती चालते का. शिरपूरच्या एका मुलाने गरम हवेच्या फुग्याची सुंदर आकृती पाठवली होती. तिसरा आकडा मांडल्यावर त्याचा फुगा आधीच्या व्यासाच्या चौपट झाला आणि त्यानेच तो मोडीत काढून पातळ कापडाचा, उन्हाने तापणारा दुसरा काढला. दुसरा जास्त चांगला होता.

एककेही लिहावीत. १९९९ मध्ये नासाचे एक यान मंगळाच्या फार जवळ जाऊन नष्ट झाले, कारण एका गटाने रेटा पौंडात दिला आणि दुसऱ्याने तो न्यूटन समजून वापरला. गुंठे आणि चौरस फूट यांच्या गोंधळातून भाऊबंदकी झालेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

२०. नांगरताना वेगळाच दगड सापडला. तो मंगळाचा असू शकतो का?

प्रश्न वाटतो तेवढा हास्यास्पद नाही. मंगळावरचे दगड खरेच पृथ्वीवर येऊन पडतात. आघाताने तेथून उडालेले तुकडे लाखो वर्षांनी येथे पोचतात. त्यांच्या सर्वांत मोठ्या गटाचे नावच बिहारमधल्या शेरघाटीवरून पडले आहे, कारण २५ ऑगस्ट १८६५ रोजी त्या प्रकारचा दगड तेथे पडला. ते मंगळाचे आहेत हे खूप नंतर कळले : अंटार्क्टिकात १९७९ मध्ये सापडलेल्या अशाच एका दगडात अडकलेला वायू, व्हायकिंग यानांनी १९७६ मध्ये मोजलेल्या मंगळाच्या हवेशी जुळला.

खानदेशाची अडचण अशी की हे दगडही बेसाल्टच्याच जातीचे असतात आणि आपल्याकडे तर सगळीकडे बेसाल्टच आहे. लोहचुंबकाची घरगुती कसोटीही येथे फसवते, कारण इतर उल्का चुंबकाला ओढतात, मंगळाचे दगड जेमतेम ओढतात आणि आपला काळा पाषाणही थोडासा ओढतो. पाहावे ते एवढेच : बाहेरून वितळून झालेली काळी पातळ साल आहे का आणि आत फुग्यांची भोके नाहीत ना. भोके असतील तर तो उल्कापाषाण जवळजवळ नक्की नाही. साल असेल आणि भोके नसतील, तर दगड धुऊ नये, फोडू नये, कोरड्या कागदात गुंडाळून विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात दाखवावा. माझ्याकडे आजवर असे अकरा दगड आले. सात बेसाल्टचे निघाले, तीन जुन्या भट्टीतली लोखंडाची मळी होती आणि एक फार देखणी गारगोटी होती, जी तिच्या मालकाने देवघरात ठेवली आहे.